मंडणगडचे सोपे प्रश्न

विमला शिगवण आणि आत्माराम भुवड यांची पहिली गाठ पडली ती बॅटरीच्या पाण्यावरून. आणि तीसुद्धा समोरासमोर नाही... तारेवर.

साल शहाऐंशी. फेब्रुवारी सरत आला होता, सकाळची थंडी नावापुरती उरली होती. विमला रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होती. रोज सकाळी सव्वाआठला ती सर्व्हिस लाइनचा रिसीव्हर उचलायची. ही लाइन गिऱ्हाइकांसाठी नव्हती. जिल्ह्यातली लहानमोठी एक्स्चेंजं एकमेकांशी बोलायची ती याच एका सामायिक तारेवरून. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाई. पण कोण कोण ऐकतंय, हे मात्र कुणालाच कळत नसे. माणसांची नावं तिथे फारशी चालत नसत. गावाच्या नावानेच हाक मारायची. आधी विमला सगळ्यांची हजेरी घेई, मग ज्याची मशीन अडली असेल तो विचारी, ज्याला ठाऊक असेल तो सांगे.

त्या दिवशी हजेरी संपली आणि एक अनोळखी आवाज आला. खोल, जरासा हसरा.

"रत्नागिरी, मंडणगड बोलतोय. परवाच हजर झालोय इथे. एक विचारू?"

"विचारा."

"बॅटरीत पाणी कुठलं घालायचं? विहिरीचं चालतं का?"

विमलाच्या हातातली पेन्सिल थांबली. एक्स्चेंजच्या मेकॅनिकने हा प्रश्न विचारावा? ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे!

"मंडणगड, तुम्ही ट्रेनिंगला गेला होतात की नुसते जेवायला?"

तारेवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मंडणगड मात्र चिडला नाही.

"जेवणही बरं होतं तिथलं... पण पाण्याचं सांगा ना."

"डिस्टिल्ड. फक्त डिस्टिल्ड. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, प्लेटा पांढऱ्या पडतात, बॅटरी मरते. आणखी काही?"

"नाही. आभारी आहे. सगळ्यांनी ऐकलं असेलच."

रिसीव्हर ठेवल्यावरही ते शेवटचं वाक्य तिच्या कानात राहिलं. सगळ्यांनी ऐकलं असेलच... असं का म्हणाला हा?

विमलाला अशी शंका येणं नवीन नव्हतं. पाच वर्षांपूर्वी ती या कामावर लागली तेव्हा त्या विभागात मेकॅनिकच्या हुद्द्यावर दुसरी बाई नव्हती. तिने तारेवर पहिला प्रश्न विचारला, तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "बाई, भाकऱ्या करपल्या की विचारा, मशीनचं आम्ही बघतो." बाकीचे हसले होते. नंतर सहा महिने ती एक अक्षर बोलली नाही. इंग्रजी मॅन्युअलं घरी नेली आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान लावलं. आता तीच सगळ्यांच्या अडचणी सोडवायची. तिने नियमही घालून दिले होते. विचारण्याआधी आपण काय काय करून पाहिलं ते सांगायचं. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. दुरुस्ती झाली की झाली म्हणून कळवायचं, गप्प बसायचं नाही. आणि खाजगी गप्पा तारेवर अजिबात नाहीत. नियम चांगलेच होते. फक्त ते सांगताना तिच्या जिभेला धार येई, आणि ते तिच्या लक्षात येत नसे.

मंडणगडने दुसऱ्या दिवशी विचारलं, फ्यूज जळला तर तारेचा तुकडा बांधला तर चालेल का? तिसऱ्या दिवशी, लाल दिवा लागला आणि घंटा वाजली नाही तर आधी काय बघायचं? सगळे प्रश्न बाळबोध. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, "सगळ्यांनी ऐकलं असेलच."

मग एका सकाळी दापोलीहून गंगा बोलली. ती तिथली ऑपरेटर. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानंतर दोन फोनांवरची बोलणी एकमेकांत मिसळत होती. विमला वही उघडते न उघडते तोच मंडणगड म्हणाला, "फक्त दुपारनंतर होतंय का? वारा सुटला की?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"मग मशीन उघडू नका. समुद्राकडच्या खांबांवर माणूस पाठवा. झावळी लागत असेल तारेला."

तासाभराने गंगाने कळवलं — झावळीच होती.

विमलाने पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवलं. ज्याला वाऱ्याची वेळ विचारून झावळी दिसते, त्याला बॅटरीचं पाणी माहीत नाही? खोटं. हा माणूस सोंग करतोय... पण कशासाठी?

दोन दिवसांनी तिचा घसा बसला. हजेरी घेताना तिने एकदाच खाकरलं असेल.

"रत्नागिरी, आवाज खरखरतोय."

"लाइन खराब असेल."

"लाइन चांगली आहे. बाकीची गावं स्वच्छ ऐकू येतायत. मिठाच्या गुळण्या करा."

"मंडणगड, खाजगी बोलणं तारेवर चालत नाही."

"खाजगी कुठे? दोष सापडला, उपाय सांगितला. नियमाप्रमाणेच आहे."

कुणीतरी पुन्हा हसलं. विमलाचे कान तापले. रागानेच, असं तिने स्वतःला सांगितलं. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने पाणी तापवलं, त्यात मीठ टाकलं, आणि आई काय झालं म्हणून विचारायला लागली तेव्हा म्हणाली, "काही नाही. धूळ गेली घशात."

त्या आठवड्यात एसटीच्या कंडक्टरकडून मंडणगडचं पार्सल आलं. नादुरुस्त भाग रत्नागिरीला पाठवायची ती नेहमीचीच रीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन खराब रिले होते. रिले म्हणजे नंबर फिरवला की टकटक करत जोडणी करणारा लहानसा भाग. त्यांच्याभोवती वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर. एक दिवस उलटला होता तरी खोकं उघडताच सगळ्या खोलीला वास आला.

शेजारच्या टेबलावरची मथुरा वाकून बघायला लागली. "अगो बाई! हे कोणत्या मशीनचं सामान?"

"लाच आहे ही," विमला म्हणाली.

"लाच?"

"नाहीतर काय? उगाच कोण कशाला फुलं पाठवील?"

मथुरा तिच्याकडे बघतच राहिली. "विमल, तू खरंच विचारतेयस की..."

विमलाने खोकं मिटलं. पण वळेसर टाकून देणं काही तिला जमलं नाही. ओल्या फडक्यात ठेवून तो तिने टेबलाच्या खणात ठेवला. पुरावा म्हणून.

आणि सोमवारी साहेबांनी तिला आत बोलावलं.

साहेब म्हणजे विभागाचे इंजिनियर, निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांच्यासमोर एक निळं अंतर्देशीय पत्र उघडं पडलेलं होतं. "शिगवणबाई, पुण्याच्या वरच्या ट्रेनिंगसाठी तुमची शिफारस मी लिहून ठेवली आहे. आणि हे बघा काय आलंय."

पत्राखाली सही नव्हती. तीनच ओळी होत्या. *रत्नागिरीच्या बाई मदत मागणाऱ्या माणसाला चारचौघांत उणंदुणं बोलतात. माणसं विचारायची बंद झाली आहेत. याचा कुणीतरी विचार करावा.*

"खरं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"मी कुणालाही उत्तर दिल्याशिवाय ठेवलेलं नाही, साहेब."

"मी ते विचारलं नाही."

 तिने पत्र उलटून पाहिलं. टपालाचा शिक्का फिसकटला होता. काना-मात्रा पुसलेलं एकच अक्षर वाचता येत होतं — म.

मंडणगड! सगळा हिशेब क्षणात लागला. ते बाळबोध प्रश्न, तिने चिडून उत्तर द्यावं म्हणून. "सगळ्यांनी ऐकलं असेलच", म्हणजे साक्षीदार! आणि फुलं, तिला गाफील ठेवायला. एवढा गोड आवाज आणि एवढं काळं मन... तिला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग आला.

त्याचं सोंग सगळ्यांसमोर उघडं पाडायचं असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशीच संधी आली.

"रत्नागिरी, मंडणगड. रिले चिकटतोय. कॉन्टॅक्ट काळे पडलेत. कशाने साफ करू?"

उत्तर सोपं होतं. स्पिरिट आणि मऊ कातडं. दुसरं काहीही लावायचं नाही. विमलाने श्वास घेतला आणि अगदी थंड आवाजात म्हणाली, "पॉलिश पेपर घ्या. चांगला घासा. चकचकीत होईपर्यंत."



पॉलिश पेपरने कॉन्टॅक्टवरचा, म्हणजे जोडणीच्या टोकांवरचा पातळ मुलामा निघून जातो, रिले कायमचा जातो. खरोखरच अडाणी असेल तर हा "बरं" म्हणेल. जाणता असेल तर...

एक क्षण गेला. दोन. तीन. मग त्याचा आवाज फुटला, आणि त्यात हसू नव्हतं.

"नाही! ऐकताय ना सगळे? कुणीही पॉलिश पेपर लावू नका. स्पिरिटने पुसा, फक्त स्पिरिटने. रत्नागिरी, तुम्ही हे... तुम्ही मुद्दाम सांगितलंत?"

"म्हणजे तुम्हाला उत्तर येत होतं!" विमला जिंकल्यासारखी म्हणाली. "मग रोज प्रश्न कसले विचारता? कुणासाठी चाललंय हे नाटक?"

 तो दुसऱ्याच कुणालातरी हाका मारत होता. "माडवली! माडवली, ऐकताय का? सखारामदादा... माडवली!"

माडवलीहून उत्तर आलं नाही.

अकरा वाजता पुन्हा सर्व्हिस लाइन वाजली. "रत्नागिरी, मंडणगड. माडवली बंद आहे. सगळे बावीस फोन. मी निघतोय तिकडे." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्ही सांगितलेलं त्यांनी ऐकलं. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी रिसीव्हर ठेवला होता."

माडवली म्हणजे दापोलीकडच्या मुरुडच्या पलीकडचं किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या एक्स्चेंजवर सखाराम नावाचा म्हातारा मेकॅनिक आहे, एवढंच विमलाला माहीत होतं. हजेरीला तो "माडवली, ठीक" एवढंच म्हणे. कित्येक महिन्यांत त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता.

विमला साहेबांकडे गेली. काय केलं ते सगळं सांगितलं, एक शब्दही न लपवता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  मग म्हणाले, "स्टोअरमधून नवे रिले घ्या. उद्या पहाटेच्या गाडीने जा. शिफारशीचं मग बघू."

दापोलीच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा दुपारचं ऊन चटके देत होतं. खांद्याला रिलेंची पिशवी. चौकशीच्या खिडकीपाशी ती वाकली. "माडवलीची गाडी कितीला?"

"दोन वाजता," मागून कुणीतरी सांगितलं. "आणि रत्नागिरी, आवाज आता बरा वाटतोय."

ती गर्रकन वळली. उंच, सावळा, उन्हाने रापलेला माणूस. कानाला पेन्सिल, हातात हत्यारांची पिशवी, सदऱ्याच्या बाहीवर तेलाचे डाग. तिने मनात रंगवलेला माणूस फार वेगळा होता... बारीक डोळ्यांचा, पातळ ओठांचा. या माणसाचे डोळे मोठे होते आणि रात्रभर न झोपल्यासारखे लाल.

"तुम्ही कालच जाणार होतात ना?"

"गेलो होतो. पाच रिले गेलेत, माझ्याकडे दोनच होते. तुम्ही येणार असं साहेबांच्या ऑफिसातून कळलं, म्हणून न्यायला आलो."

"माझ्यावर पाळत ठेवायला?"

"पिशवी उचलायला," तो म्हणाला आणि हात पुढे केला. तिने पिशवी दिली नाही.

गाडीत दोघांच्या मध्ये ती पिशवीच बसली. रस्ता वळणावळणांचा, दोन्हीकडे मोहोर आलेली कलमं.  शेवटी विमलाच म्हणाली, "ते पत्र तुम्हीच लिहिलंत ना?"

"कसलं पत्र?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आवाजावरून माणूस खोटं बोलतोय का ते तिला कळायचं. चेहऱ्याची सवय नव्हती.

"बरं. मग प्रश्न का विचारत होतात?"

आत्माराम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्हाला आठवतं का बघा. गेल्या श्रावणात माडवलीने तारेवर एक प्रश्न विचारला होता. बॅटरीत विहिरीचं पाणी चालेल का."

विमलाला आठवेना. मग अंधुक आठवायला लागलं, आणि आपण काय म्हणालो होतो तेही. *तीस वर्षं खात्यात काय केलंत, माडवली?*

"दादा तारांचे माणूस," तो म्हणाला. "खांबावर चढण्यात त्यांचा हात धरणारा नाही. नवी मशीन आली तेव्हा कुणी शिकवलं नाही, मॅन्युअल इंग्रजीत. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. मी हजर व्हायला येताना त्यांच्याकडे थांबलो होतो, जुनी ओळख. त्यांच्या बायकोने हे सगळं सांगितलं. बघतो तर बॅटरीच्या प्लेटा पांढऱ्या झालेल्या. मी सांगायला गेलो तर म्हणाले, पोरा, तू मला शिकवू नकोस. पण रोज सकाळी कानाला रिसीव्हर लावून बसतात. ऐकतात. म्हणून मग त्यांना जे अडतंय ते मी विचारायचो."

"आणि मी तुम्हाला मूर्ख म्हणायची."

"मला म्हणालात तरी चालत होतं."

गाडी एका खड्ड्यातून गेली. पिशवी घसरली, दोघांनी एकदमच धरली. विमलाने हात काढून घेतला.

"पण काल..." त्याचा आवाज उतरला. "काल मी तीन क्षण गप्प बसलो. खरं बोललो तर सोंग उघडं पडेल, मग तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, हे डोक्यात आलं. त्या तीन क्षणांत दादांनी रिसीव्हर ठेवला. चूक एकट्या तुमची नाही."

 *मग तुम्ही माझ्याशी बोलणार नाही...* असं हा म्हणाला का? की तिनेच ऐकलं?

माडवलीचं एक्स्चेंज म्हणजे चिऱ्याची एक खोली. सखारामदादा दारातच बसले होते. पिकलेले केस, खांबांवर चढून चढून वाकडे झालेले पाय. विमलाला पाहून ते उठून उभे राहिले.

"बाई, माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. "नीट ऐकलं नाय मी."

"तुम्ही नीटच ऐकलंत, दादा. मी चुकीचं सांगितलं. मुद्दाम सांगितलं."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते समजलं नाही. असं कुणी करील, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. विमलाला वाटलं, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीनजवळच्या स्टुलावर एक शाळेची वही होती. विमलाने ती उघडली. पहिल्या पानावर पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात: *रत्नागिरीबाई सांगतात. बाटरीत फक्त डिस्टील पानी.* पुढच्या पानावर, *फूज तारेने बांदू नये. रत्नागिरीबाई.* तारखेवार, एकही दिवस न चुकवता. शेवटच्या पानावर, *पालिश पेपर. चकचकीत होईपरयंत.*

तिने वही मिटली. डोळ्यांतून टपकलेलं पाणी पदराने टिपलं आणि पदर खोचला. "भुवड, स्पिरिट द्या."

दोघं दिवेलागणीपर्यंत कामात होती. तो जुना रिले काढायचा, ती नवा बसवायची. जे वाचण्यासारखे होते ते ती एकेक करून पुसत होती, आणि पुसताना प्रत्येक गोष्ट दादांना दाखवत होती, सावकाश, मराठीत. दादा आधी लांब उभे होते. मग स्टूल ओढून जवळ बसले. मग म्हणाले, "हे मी करून बघू?"

बाविसावा फोन वाजला तेव्हा बाहेर अंगणात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती दादांची बायको, हौसाबाई. तिने विमलाला घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, पानात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. आणि समोर बसून एकदम म्हणाली, "ता पत्र मीच लिवून घेतलं गो पोरी. शाळेतल्या मास्तरांकडून."

विमलाचा घास हातातच राहिला.

"ह्यांनी जेवण टाकलानी होतं. दोन वर्षं आधीच नोकरी सोडतो म्हणून अर्ज लिवलानी. मला काय सुचंना. तुझं वायट व्हावं असं नव्हतं मनात."

"तुम्ही बरोबर केलंत," विमला म्हणाली. तिने पाहिलं, ओटीवर बसलेला आत्माराम सगळं ऐकत होता. तिच्याशी नजर भेटताच त्याने मान खाली घातली, आणि आपण हसतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

सकाळी सव्वाआठला तिने माडवलीच्याच रिसीव्हरवरून हजेरी घेतली. शेवटी म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. परवा मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. त्यामुळे माडवली एक दिवस बंद पडली. दोष माझा. सखारामदादांची मी माफी मागितली आहे, तारेवर पुन्हा मागते. यापुढे कुणीही काहीही विचारा. मी हसणार नाही, दुसऱ्याला हसू देणार नाही. आणि मला जे माहीत नाही ते मीही विचारीन."

चाचरत एक आवाज आला. "रत्नागिरी... मी केव्हापासून विचारीन म्हणत होतो..." आणि त्यामागून दुसरा. त्या दिवशी हजेरी पाऊण तास चालली.

दहाच्या गाडीला आत्माराम तिला पोचवायला आला. थांब्यावर सुरूची सावली होती, समोर भरतीचं पाणी. गाडीला अजून वेळ होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"तुमचं... म्हणजे कुठे ठरलंबिरलं आहे का?"

विमलाने डोळे बारीक केले. "हा प्रश्न कुणाच्या वतीने विचारताय?"

"माझ्या." त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "मला अडलंय म्हणून."

"आधी काय काय करून पाहिलंत?"

"आवाज ओळखायला शिकलो. फुलं पाठवली. तीन क्षण गप्प बसून घोटाळा केला. आता सरळ विचारतोय... लग्न कराल माझ्याशी?"

लांबून गाडीचा धुरळा दिसला. विमलाच्या ओठांवर हो आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय एकदम जाते थोडीच? हा मंडणगडला, आपण रत्नागिरीला. उद्या पुण्याला जायचं झालं तर? हा बायकोची नोकरी चालवून घेईल? हा आवाज समोर इतका खरा वाटतो, तो घरातही तसाच राहील?

"आठ दिवस द्या," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

त्या आठ दिवसांत तिने खूप चौकशा केल्या. गंगाला विचारलं, मथुरेच्या मावसभावाला विचारायला लावलं. आई, सुंदराबाई, तिच्याहून वरचढ निघाली. "मंडणगडचा? पितो का? आधीचं लग्नबिग्न?" सगळीकडून एकच उत्तर आलं. माणूस सरळ आहे, जरा जास्तच सरळ आहे. तारेवर तो रोज बोलत होता, कामाचं तेवढंच. एकदाही त्याने आठवण केली नाही. सातव्या दिवशी तिला शंका यायला लागली, हा विसरला तर नाही ना? त्याच दिवशी साहेबांनी शिफारशीवर सही केली. "स्वतःहून येऊन सांगितलंत, म्हणून," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी रजा टाकून तिने मंडणगडची गाडी धरली. आईला सांगून. डोंगर चढून गाडी गावात शिरली तेव्हा दुपार कलली होती. एक्स्चेंजला कुलूप. शेजारच्या हॉटेलवाल्याने बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला, उंच खांबावर पट्ट्याने स्वतःला बांधून आत्माराम तारा ओढत होता.

ती खांबाखाली जाऊन उभी राहिली. त्याचं लक्ष नव्हतं.

"भुवड!"

त्याने खाली पाहिलं. हातातला पाना सुटला आणि तिच्यापासून दोन हातांवर पडला.

"लागलं का?" तो वरूनच ओरडला.

"नाही. पुण्याला ट्रेनिंगला जाणार आहे मी. सहा महिने. चालेल?"

"चालेल!"

"परत आल्यावर नोकरी सोडणार नाही."

"सोडायला कोण सांगतंय?"

"आईला माझ्याजवळ ठेवीन."

"दादांच्या हौसावहिनी म्हणतात, म्हाताऱ्या माणसांशिवाय घर... अहो, हे सगळं वरून खाली ओरडून का बोलतोय आपण?"

हॉटेलातली चार माणसं चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. विमलाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं. तिने हाताने सावली केली.

"खाली या," ती म्हणाली. "हो म्हणायला आलेय मी. मान दुखायला लागली."

तो पट्टा सोडवायला लागला. इतक्या वर्षांच्या सरावाच्या हातांना त्या दिवशी बक्कल काही केल्या सापडेना.